खळीत बांधलेली स्कूटर

पेडणेकरांच्या स्कूटरचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा आणि हॉर्नचं बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. घाटकोपरला पंतनगरातल्या आमच्या इमारतीत सगळ्यांना याची सवय झाली होती. सकाळी दहाच्या सुमारास फाटकाशी ‘पीं’ झालं, की शिवदास पेडणेकर वळणावर ब्रेक दाबून बाहेर पडले हे तिसऱ्या मजल्यावरही कळायचं. पण गेल्या मार्चमध्ये ही सवय परवडण्यासारखी राहिली नाही. स्कूटर दोन हजार पाच सालची. महिनाअखेरीला तिची नोंदणी संपत होती. पुढची पाच वर्षं हवी असतील तर आरटीओच्या निरीक्षकासमोर ब्रेक दाबल्यावर ब्रेकचा दिवाच लागायला हवा होता.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे भंगारात. पण त्या स्कूटरवर सुगंधा बसते.

सुगंधा ही पेडणेकरांची बायको. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. बसची पायरी तिला चढवत नाही, रिक्षात आत सरकून बसणं जमत नाही, आणि रिक्षावाले पंतनगरहून चेंबूर म्हटलं की मान हलवून निघून जातात. पेडणेकरांनी स्कूटरच्या डाव्या बाजूला खाली एक रुंद पत्रा बसवलाय, त्यावर पाय ठेवून ती अलगद वर होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती अशी चेंबूरला जाते. तिथे तिची मोठी बहीण प्रेमा एकटी राहते. प्रेमाताईंची दृष्टी गेली त्याला सहा वर्षं झाली. स्वयंपाकाला बाई येते, औषधं शेजारीण देते, पण केस धुवायला आणि तेल लावायला त्या सुगंधाशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. तेव्हा स्कूटर गेली असती, तर आठवड्यातले हे दोन दिवस गेले असते.

हे पेडणेकरांना माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच राग यायचा.

पेडणेकर मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, बालपण लालबागच्या चाळीत गेलं. ते स्वतः एकेचाळीस वर्षं लोअर परळच्या एका छापखान्यात बाइंडर होते. फाटून चिंध्या झालेली वही त्यांच्या हातात दिली तर दोन दिवसांनी अशी परत येते, की तिच्यात लिहायचा धीर होत नाही. छापखाना बंद झाला आणि एवढे तरबेज हात घरी आले. मग ते हात मिक्सरवर पडले, पंख्यावर पडले, आमच्या मजल्यावरच्या बेलवर पडले. चार घरांच्या बेल त्यांनी एका ट्रान्सफॉर्मरवर जोडल्या. तेव्हापासून समोरच्यांची बेल जरा जास्त वेळ दाबली की माझी कण्हते. सांगायला गेलं की म्हणतात, “बाई, वाजत नाय ना? मग झालं.”

दोन वर्षांपूर्वी स्कूटरची वायरिंग जुनी झाली तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला सुयोग म्हणाला होता, काका, अख्खी नवी टाकतो. पेडणेकरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी एकेक जोड सोडवला, साफ केला, पुन्हा पिळला आणि त्यावर चिकटपट्टीऐवजी बाइंडिंगची कापडी पट्टी खळ लावून गुंडाळली. वरून मेणाच्या दोऱ्याने बारीक, सारख्या अंतराचे वेढे घेतले. “चिकटपट्टी उन्हात सुटते. आळशी माणसाचं काम ते,” असं त्यांचं मत. मला बोलावून ते दाखवलं होतं. खरं सांगते, इतकं सुंदर काम मी कुठल्या वाहनावर पाहिलं नव्हतं.

सहा महिन्यांनी ब्रेकवर हॉर्न वाजू लागला.

आता बिघाड वायरिंगचा. मुदत पंधरा दिवसांची. पेडणेकरांनी काय उघडलं असेल? कार्बोरेटर. जिन्याखाली वर्तमानपत्र पसरून त्यांनी त्याचे भाग मांडले, पेट्रोलमध्ये धुतले, ब्रशच्या एका केसाने जेटचं छिद्र साफ केलं. दुसऱ्या दिवशी प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कार्बोरेटर. इंजिन त्यांना आवडतं, म्हणून बिघाड इंजिनात असावा, एवढाच त्यामागे विचार.

“हॉर्न वाजतो म्हणून पोट फाडलंत तिचं,” सुगंधा तळमजल्यावरच्या आपल्या दारातल्या खुर्चीवरून म्हणाली.

“तुका काय कळता त्यातला? सगळा एकमेकांक जोडलेला असता.”

“माझे गुडघे पण जोडलेले आहेत. म्हणून डॉक्टर माझे कान तपासत नाही.”

मला हसू आलं. पेडणेकरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी टॉर्च धरायला पुढे झाले. गेली दोन वर्षं टॉर्च धरण्याचं काम माझ्याकडे आहे. शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला तेवढंच जमेल, असं त्यांना वाटतं.

असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मी त्यांच्याशी अक्षरशः भांडून हँडलखालचं झाकण काढायला लावलं. आत टॉर्च मारला. कापडी पट्टीच्या चिंध्या लोंबत होत्या. दोऱ्याचे वेढे कुरतडलेले. जिथे जिथे खळ होती, तिथे तिथे बारीक दातांचे ठसे होते, आणि मध्ये दोन तारा उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. जिन्याखालचे उंदीर दीड वर्ष त्या स्कूटरवर जेवत होते.

“पेडणेकर, खळ कशाची?”

“मैद्याची. दुसरी कसली असते?”

“मोरचूद घातलं होतं?”

बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असतं, त्यामुळे कीड आणि उंदीर पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत. एकेचाळीस वर्षं पेडणेकरांनी ते न विसरता घातलं असणार. त्यांनी मान वळवून स्वतःच्या दाराकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” सुगंधा म्हणाली. “माझ्या दुधाच्या पातेल्यात विष शिजवायचं नाही, असं म्हटलं मी. वेगळं भांडं आणा म्हटलं. ते आणवलं नाही तुम्हाला.”

झालं. पुढचे दोन दिवस जो भेटेल त्याला पेडणेकर सांगत होते, की आमच्या हिच्या पातेल्यापायी गाडीची वाट लागली. सुयोगला हे कळलं तसा तो स्वतः आला. तो माझा विद्यार्थी, आता चाळिशीचा. हात पुसत म्हणाला, “काका, दोन तासांचं काम आहे. तयार वायरिंग मिळते, टाकून देतो.”

“माझ्या गाडीक दुसऱ्याचो हात नको.”

“अहो, पण आरटीओ गुरुवारी आहे ना?”

“माका म्हायत आसा.”

आणि त्यांनी केलं काय, तर एक जुनं ॲल्युमिनियमचं भांडं आणलं, जिन्याखाली स्टोव्ह पेटवला आणि मोरचूद घालून नवी खळ शिजवायला घेतली. मी समजावलं, की बाबा रे, मोरचूद ओलाव्यात तारेजवळ राहिलं आणि त्यातून करंट गेला तर तारच खाऊन टाकेल. आठवीच्या मुलांना मी हे भांड्यात करून दाखवायचे.

“बाई, तुम्ही शाळेत दाखवलंत. मी आयुष्यभर खळ शिजवली.”

मी टॉर्च त्यांच्या हातात दिला आणि वर निघून गेले. दोन दिवस बोलले नाही. माझ्या वयाला शोभत नाही, पण नाही बोलले.

आम्ही भांडलो तो शुक्रवार होता. त्यांनी चार जोड नव्याने बांधले आणि खळ वाळायच्या आत सुगंधाला घेऊन चेंबूरला निघाले. पुढचं मला सुगंधानेच सांगितलं. अमर महलच्या पुलाखाली हॉर्न जो अडकला, तो थांबेना. पेडणेकरांनी इंजिन बंद केलं, तरी थांबेना. लोक बघायला लागले. त्यांनी रस्त्याकडेला झाकण उघडलं आणि घाईत नको ती तार ओढली. हॉर्न थांबला आणि गाडीही सुरू होईना. एप्रिल तोंडावर आलेला, ऊन डोक्यावर. सुगंधा हेल्मेट घालून पदपथाच्या कठड्याला टेकून उभी. सात रिक्षा तिने मोजल्या. आठवी थांबली, तेव्हा पेडणेकरांनी आणि त्या रिक्षावाल्याने मिळून तिला उचलून आत बसवलं.

साडेदहाच्या ऐवजी ती साडेबाराला पोचली. प्रेमाताई दाराजवळ स्टुलावर बसल्या होत्या, केस मोकळे सोडून, मांडीवर तेलाची वाटी धरून. नऊपासून. शेजारीण म्हणाली, आत चला म्हटलं तर येईनात, सुगंधा आली आणि मी आत असले तर तिला थांबावं लागेल म्हणाल्या.

“मग तू काय म्हणालीस पेडणेकरांना?” मी विचारलं.

“काही नाही. हे मागून गाडी ढकलत पोचले, घामाने भिजलेले. ताईची वाटी बघितली त्यांनी. मी केस धुवायला घेतले. हे बाहेर जिन्यात बसून राहिले, पाणी पण नाही प्यायले.”

सोमवारी सकाळी खिडकीतून पाहिलं, तर पेडणेकर स्कूटर ढकलत सुयोगच्या गॅरेजकडे चालले होते. मी खाली उतरले. राग तसा संपलेला नव्हता, पण एवढं बघितल्याशिवाय राहवलं नाही.

सुयोगने अट घातली. “काका, बसा, बघा. पण बोलायचं नाही.”

पेडणेकर बोलले. वायरिंग मागवली, ती यायला मंगळवारची संध्याकाळ झाली, म्हणून चेंबूरची ती खेप चुकली. सुगंधाने बहिणीला फोन केला आणि दार लावून घेतलं. बुधवारी काम सुरू झालं, तेव्हाही पेडणेकर बोललेच. ही तार ताणू नको, ती आतून घे, तिथे धार आहे. सुयोग एकेक जोड काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत गुंडाळत होता. प्रत्येक वेळी पट्टी दातांनी तोडली, की पेडणेकर दुसरीकडे बघत. एकदा मात्र सुयोग थांबला. “धार आहे खरी,” म्हणाला, आणि तार आतून घेतली. पेडणेकर जरा ताठ बसले.

गुरुवारी ते एकटेच आरटीओला गेले. दुपारी दोनला परतले ते पास होऊन. मी आणि सुगंधा फाटकाशीच होतो.

“काय म्हणाला निरीक्षक?” मी विचारलं.

“ब्रेक दाब म्हणाला, दिवा लागला. हॉर्न दाब म्हणाला, वाजला. धूर बघितला, नंबर बघितला. झालं.” त्यांचा चेहरा पडलेला होता. “इंजिनाबद्दल एक शब्द विचारला नाय, बाई. सहा दिवस साफ केलंय मी.”

मी कपाळाला हात लावला. पाच वर्षं मिळाली होती, आणि हा माणूस कार्बोरेटरची चौकशी झाली नाही म्हणून हिरमुसला होता.

सुगंधाने हेल्मेट घातलं.

“आज गुरुवार गो,” पेडणेकर म्हणाले.

“मंगळवार राहिलाय माझा. ताईला सांगून ठेवलंय.”

पत्र्यावर पाय ठेवून ती मागे चढून बसली, पर्स मांडीवर घेतली. पेडणेकरांनी किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. फाटकाबाहेर पडायच्या ऐवजी ते तसेच उभे राहिले, मान कलती करून, कान इंजिनाकडे लावून. मग एक पाय खाली टेकवून वाकायला लागले.

“आवाज जरा वेगळा येतोय,” म्हणाले. “एक मिनिट. जेट बघतो.”

“अहो,” सुगंधा म्हणाली, “आधी चेंबूर.”

ते क्षणभर वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि गाडी गियरमध्ये टाकली.