अडीनडीचा बोकड

नगरजवळच्या भिंगारमधल्या आमच्या चाळीत अश्विनीसारखी काटकसरी बाई दुसरी नव्हती, आणि तिच्या हातात पैसा टिकत नव्हता हेही तितकंच खरं. ती लष्करी कपडे शिवणाऱ्या एका टेलरच्या दुकानात कामाला जाते. गणवेशांवर फिती, बिल्ले, नावाच्या पट्ट्या शिवते. नवरा महेंद्र दुसऱ्याची रिक्षा भाड्यानं चालवतो. मी शेजारच्या खोलीत एकटी राहायची. ती मला मावशी म्हणते, आणि मावशी म्हटलं की फुकटचे सल्ले द्यायचा हक्क मिळतो असं मी धरून चालते.

अडीनडीला चार पैसे असावेत म्हणून तिनं काय काय केलं! डाळीच्या डब्यात नोटा लपवल्या, पतपेढीत रोज थोडी थोडी पिग्मी भरली. जरा साठले की सिलिंडर संपायचा. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा, त्यात वाटा द्यावा लागायचा. पोरीच्या शाळेची रिक्षा महाग व्हायची. ही काही संकटं नव्हेत, हा नगरचा रोजचा खर्च आहे, पण संकटासाठी ठेवलेलं सगळं तोच गिळून बसायचा. मला याचा फार संताप येतो. पगार वर्षातून एकदा वाढतो, तोही मालकाची लहर असली तर. दुधाला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

शेवटी तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसची तिनं शेळी घेतली. आता दहा बाय दहाच्या खोलीत शेळी कुठं बांधणार? म्हणून ती काष्टी गावी, महेंद्रच्या थोरल्या बहिणीकडे, बनाबाईकडे अर्धलीनं दिली. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. शेळी एकाची, सांभाळ दुसऱ्याचा. दूध सांभाळणाऱ्याचं, पिल्लं निम्मी निम्मी, आणि मूळ शेळी कायम मालकाची.

"मावशी, नोट मोडता येते, बोकड मोडता येत नाही," अश्विनी म्हणाली होती. "पाय कापून कुणी सिलिंडर आणतं का?" मला ती तेव्हा फार हुशार वाटली.

पहिली पिल्लं रोगानं गेली. मग एकच बोकड झाला, काळाभोर, एक कान पांढरा. तो दोघींत सामाईक राहिला. बकरी ईदेच्या आधी चांगला भाव येतो तेव्हा विकू, असं दोघींनी ठरवलं होतं.

ईद जवळ आली आणि इकडे चाळीच्या मालकानं सगळ्यांना खोल्या सोडायला सांगितल्या. पाडून इमारत बांधायची म्हणे. मी बहिणीकडे जाणार होते, माझं भागलं. अश्विनी मात्र कामावरून सुटली की खोल्या बघत हिंडायची. भाडी ऐकूनच दारातून परत फिरायची. दोन ठिकाणी आडनाव विचारल्यावर खोली एकाएकी 'दिलेली' निघाली. शेवटी शाळेमागच्या गल्लीत एक मिळाली. मालकीणबाईंनी आडनाव विचारलं नाही, फक्त डिपॉझिट सांगितलं. तीस हजार, शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत. नाही आले तर दुसरी माणसं तयार आहेत.

अश्विनीकडे होते नऊ.

शुक्रवारी तिनं माझ्यासमोरच काष्टीला फोन लावला. "आक्का, उद्या बोकड बाजारात आणता का?"

"व्हय, मी बी तेच म्हननार हुते," पलीकडून बनाबाई म्हणाल्या.

अश्विनीचा चेहरा खुलला. "बघा मावशी, आक्कांना न सांगता कळतं."

"अगं, पण निम्मा बोकड त्यांचा आहे. निम्म्यात तुझं भागत नाही. त्या आपला वाटा नंतर घेतील का, विचारलंस?"

"घरच्या माणसाला काय विचारायचं? देईन की नंतर."

शनिवारी महेंद्रनं आम्हाला रिक्षानं स्टँडवर सोडलं. दिवसाचं रिक्षाभाडं अंगावर पडलं असतं म्हणून तो आला नाही, मी गेले. दौंडच्या एसटीनं काष्टीला उतरलो तर बाजार फुललेला होता. बनाबाई दोरी धरून उभ्या होत्या, बाजूला त्यांचे यजमान सोपानराव. बोकड धुऊन पुसून आणला होता. दोन-तीन व्यापारी दात बघून, पाठ दाबून गेले. चौथ्यानं सोपानरावांच्या हातावर उपरणं टाकलं आणि खालून बोटं दाबून भाव सुरू केला. सोपानराव मान हलवत राहिले. व्यापारी हात झटकून निघून गेला, अश्विनीनं माझं मनगट आवळलं, तो परत आला. बावीस हजारांवर सौदा पटला. नऊ आणि बावीस. मीसुद्धा मोठा श्वास सोडला.

व्यापाऱ्यानं नोटा मोजल्या. "कुनाच्या हातात देऊ?"

दोघींनी एकदमच हात पुढं केले.

आधी दोघी हसल्या. "द्या, आक्कांकडंच द्या," अश्विनी म्हणाली. बनाबाईंनी नोटा कपाळाला लावल्या आणि म्हणाल्या, "लई उपकार झालं बघ तुझं. मंगळवारच्या वावटळीत घरावरचं समदं पत्रं उडालं. ताडपत्रीखाली हाय आमी. तुझं निम्मं दिवाळीला देते, तू काय न्हाई म्हननार हायेस व्हय?"

अश्विनी पांढरीफटक पडली. "आक्का, तुमी बोलला नाहीत."

"तुला कशाला घोर? शहरात तुमाला काय कमी खर्च हाय?"

"आमची खोली जातीय, आक्का. आज सहाला पैसे नाही दिले तर... मी पण तुमचं निम्मं नंतर देईन, असंच धरून चालले होते."

एकाच बोकडावर दोन घरांनी भरवसा टाकला होता. दर रविवारी फोनवर "बरं हाय का?" "बरं हाय" एवढंच बोलायच्या या दोघी. एकमेकींना त्रास नको म्हणून गप्प राहिल्या, आणि आता भर बाजारात एकमेकींकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या या चांगुलपणाची मला भयंकर चीड आली.

सोपानराव उसळले. "आन् आमी कुठं जायाचं? चारा आमी इकत आनला. पेंडीचं पोतं काय भावानं हाय, ठाव हाय का?"

तेवढ्यात अश्विनीचा फोन वाजला. मालकीणबाई. "येताय ना? माझ्यासमोर दुसरी माणसं बसलीत. सहापर्यंतच थांबेन."

बनाबाईंनी ते ऐकलं. त्यांनी रिकामी दोरी गुंडाळून काखेत मारली. मग सगळ्या नोटा अश्विनीपुढे धरल्या. "घे. तुझी खोली सांजच्याला जाईल. माझा पाऊस अजून यायचाय."

"अगं ए!" सोपानराव ओरडले.

अश्विनीनं नोटा घेतल्या. सगळ्या. पर्समध्ये कोंबल्या आणि मला ओढत एसटीकडे पळाली. सोपानराव आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला तिचा राग आला, आणि तिच्या जागी मीही हेच केलं असतं म्हणून जास्तच आला.

वाटेत रस्त्याचं काम, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. अश्विनी पर्स पोटाशी धरून बसली होती. स्टँडवर महेंद्र रिक्षा चालू ठेवूनच उभा होता. आम्ही खोलीवर पोचलो तेव्हा ती दुसरी माणसं खरोखरच ओट्यावर बसली होती, आणि त्यांच्यातला पुरुष खिशातून पाकीट काढत होता. अश्विनी मध्येच शिरली. मालकीणबाईंनी नोटा दोनदा मोजल्या आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली.

महेंद्र सामान आणायला गेला. आम्ही दोघी खोली झाडत होतो तेव्हा बनाबाईंचा फोन आला. अश्विनीनं हात पुसून स्पीकर लावला.

"मिळाली का खोली?"

"मिळाली, आक्का."

"बरं झालं. आता एक इचारायचं हुतं. म्होरच्या बाजारी शेळी इकावी म्हनते, पत्र्यासाठी. गाभन हाय, गाभन जनावर इकायचा जीव होत न्हाई, पर इलाज न्हाई. तुझं पैसं मागनं फेडीन. शेळी तुझी हाय, मालकिनीला इचारल्याबिगर कशी इकू?"

"विका," अश्विनी म्हणाली. "सगळं तुमीच ठेवा. मला काय नको."

फोन ठेवून ती भिंतीला टेकून खाली बसली. "मावशी, त्या पैशात निम्मे त्यांचे होते. त्यांनी पुढं केले आणि मी उचलले. घेऊ का, एवढंसुद्धा विचारलं नाही. आणि त्या मला मालकीण म्हणून विचारतायत."

मग किल्ली मुठीत धरून ती रिकाम्या फरशीवर हमसून हमसून रडली.