सोडून दिलेल्या झिंग्यांच्या माद्या

"हे पाहा साहेब, साऱ्या जुन्याच," म्हणत ध्रुपताबाईंनी टोपलं माझ्यासमोर ठेवलं. "पिलू एकबी नाई."

टोपल्यात सात-आठ मोठे झिंगे होते, सगळ्या माद्या. तिरोड्याच्या पुढच्या एका गावात, तलावाच्या पाळीवर मत्स्य संस्थेची सभा भरली होती. ध्रुपताबाई संस्थेच्या अध्यक्ष. त्यांना आज काढायचंच, असं ठरवून सभासद आले होते. मी मत्स्य विभागाचा अधिकारी, रिटायरमेंटला आठ महिने उरलेला. भांडण मिटवायला बोलावलं असेल, अशा समजुतीने कंटाळतच गेलो होतो.

शामराव ढिवर उठले. उभा जन्म त्यांचा याच तलावावर गेलेला.

"उन्हाळ्यात अंडीवाली मादी जाळ्यात आली का ह्या बाई पान्यात सोडाले लावत. येवढाले झिंगे! वरून यंदा बीज आनाचं नाई म्हनलं. आता तलाव खाली. काऊन सोडल्या, इचारा त्याइले."

बीज म्हणजे हॅचरीतून आणायची झिंग्याची बारीक पिल्लं.

"तुमीच त सांगतलं होतं ना साहेब, ट्रेनिंगमंधी," ध्रुपताबाई माझ्याकडे वळल्या. "पोटाखाली अंडी असन त सोडून द्या, पुढच्या साली तलाव आपोआप भरन म्हून."

सांगितलं होतं खरं. त्या दिवसाचं ते तिसरं ट्रेनिंग होतं. मासे, झिंगे, सगळं एका दमात उरकून मी जीपमध्ये बसलो होतो.

तलावातला आपला बारीक झिंगा तिथेच अंडी घालतो, तिथेच वाढतो. त्यामुळे माझ्या बोलण्यावर कोणी शंका घेतली नाही. पण हॅचरीतून आणतो तो मोठा झिंगा वेगळा. तो वाढतो गोड्या पाण्यात, मात्र त्याच्या पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं, नदी समुद्राला मिळते तिथलं. आमच्या तलावात अंडी फुटतात आणि पिल्लं चार-सहा दिवसांत मरतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो. समुद्र गोंदियापासून किती लांब आहे, हेही मला ठाऊक होतं.

ऊन फार झालं, पाणी आटलं, असं सांगून सुटता आलं असतं. रिपोर्टमध्ये असं लिहायची सवय होतीच. पण ध्रुपताबाई माझ्याकडे अजूनही साक्षीदाराकडे पाहावं तशा पाहत होत्या. मला लाज वाटली.

"बाईंची चूक नाही. माझी आहे," मी म्हणालो आणि सगळं समजावून सांगितलं.



"मंग सायबालेच हटवा ना," मागून कोणीतरी म्हणालं.

"ते त तसेबी रिटायर होऊन राहिले," शामराव म्हणाले. लोक हसले. बाईंना काढायचा विषय तिथेच बारगळला, पण झिंग्याचं वर्ष मात्र गेलं ते गेलंच. रोहू-कटला माशांवर भागवायचं ठरलं.

निघताना ध्रुपताबाईंनी विचारलं, "मंग आता अंडीवाली सोडाची का धराची?"

"मोठी धरा, विका. बीज दरवर्षी आणा. बारीक झिंग्याची मात्र सोडा."

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "खाली सही करा."

मी लिहिलं, सही केली. त्यांनी कागद दोनदा वाचून त्याची घडी केली.

नोकरीभर मी गावोगाव सल्ले दिले, पण सल्ल्याखाली सही कोणी मागितली नव्हती. पहिल्याच दिवशी मागितली असती, तर बोलण्याआधी मी जरा थांबलो असतो.