गालाला लावलेला पुठ्ठा

हे मी कुणापाशी बोलले नाही. मुलापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवापुढे बसून तोंडातल्या तोंडातसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, फिरवून बोलायला मला जमत नाही. पण बघा — तरी फिरवतेच आहे.

उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या फ्रेमच्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षं काम केलं. फोटोभोवती, काचेच्या आत, खिडकीसारखा कापलेला पुठ्ठा असतो ना, त्याला माउंट म्हणतात. तो कापायचा, मागे फोटो लावायचा, वर काच चढवायची, पाठ बंद करून खिळे मारायचे — हे माझं काम. पावसाळ्यात शेठ रोज ओरडायचा, "माई, गीले पे काच नहीं! काच फोटो खा जाती है!" ओल आमच्या हातांना कळायची नाही, हात राठ झालेले. म्हणून पुठ्ठा गालाला लावायचा. गार लागला तर ओला. एवढं सोपं. कारखान्यात मी यात एकदाही चुकले नाही. हे लक्षात ठेवा.

माझी सून वैशाली बदलापूर गावातली. तिची आई टोपली घेऊन जांभळं विकायची. वैशाली दहा वर्षांची असताना ती गेली. मागे एकच फोटो — कुणाच्या तरी लग्नातला, डोक्यावर पदर, हसताना सगळे दात दिसतायत. तो वैशालीच्या कपाटात साड्यांखाली असायचा. सहा वर्षांपूर्वी, श्रावणात, तिने विचारलं, "आई, फ्रेम करून हॉलमध्ये लावू का? बाबांच्या शेजारी?"

बाबा म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे भिंतीवर घरातलीच माणसं लागतात, सुनेच्या माहेरचं कुणी नाही. माझ्या आईचा फोटो मी सासरी कधी लावला? ही सबब म्हणून सांगत नाही. तोंडावर नको म्हणाले असते तर भांडण झालं असतं, दोन दिवसांत मिटलं असतं. पण मुलगा म्हणाला, "लाव की, विचारतेस काय!" आणि खिळा मारून मोकळा झाला. मग मीही म्हणाले — लाव.

माउंट तिने स्वतः सजवलं. बटाटा कापून पानाचा ठसा केला. पेन्सिलीमागच्या रबराचा ठसा जांभळांसाठी. नातीच्या डबीतले वॉटरकलर घेतले. चारी बाजूंनी पानं, त्यांत जांभळांचे घोस, आणि कडेने ब्रशने पाणी फिरवून फिकट जांभळी झाक. मी म्हटलं, "जांभळं म्हणायची का वांगी?" ती हसून म्हणाली, "चष्मा पुसा, आई." खरं सांगू? कारखान्यात एवढं देखणं माउंट माझ्या हातून कधी गेलं नाही. ते बघून मी जळले — तेही सांगून टाकते.

सकाळी कामावर जाताना ती म्हणाली, "दोन दिवस वाळू दे, मग काच तुम्हीच बसवा. तुमच्यासारखं कुणाला येतंय?"

दुपारी घरात मी एकटीच. बाहेर पाऊस. पुठ्ठा उचलला, गालाला लावला.

गार होता.

मी काच चढवली. पाठीला चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली, वारासुद्धा आत जाऊ नये अशी. घाईत झालं? विसरले? नाही. काय होणार ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने विचारलं, "इतक्यात वाळला?"

"गालाला लावून बघितलाय," मी म्हणाले. "कोरडा आहे."

पितृपक्षापर्यंत काचेआड डाग आला. जांभळा रंग फोटोत उतरला होता, ओलीने फोटो फुगून काचेला चिकटला होता. तिने माझ्यासमोरच फ्रेम उघडली. फोटो ओढला — आणि चेहरा काचेलाच राहिला. डोळे, दात, सगळं. हातात पदर तेवढा उरला. मोबाइलवर तिने फ्रेमचा फोटो काढून ठेवला होता, पण त्यात नेमकी तोंडावर ट्यूबलाइट चमकते.

ती रडली नाही. स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, "मीच पाणी जास्त वापरलं ना, आई?"

तेव्हा सांगता आलं असतं ना? मी काय म्हणाले माहीत आहे? "रंगच कच्चे होते तुझे."

त्या दिवसापासून तिने ब्रश धरला नाही. नातीचं शाळेचं काही रंगवायचं असलं की शेजारणीकडे पाठवते.

गेल्या महिन्यात मी माझा एक बरा फोटो शोधून ठेवला. वय झालंय, वेळेला धावाधाव नको. तो खिळा अजून भिंतीत आहे. मुलगा म्हणाला, तुझी जागा आधीच धरून ठेवलीय. नात म्हणाली, "मम्मी, आजीच्या फोटोला ठशांचं डिझाइन कर ना."

वैशालीने फोटो तिच्या हातातून अलगद काढून घेतला. "नको गं. बाहेरून करून आणू. माझ्या हाताने आजीचंही तोंड जाईल."

मी तिथेच बसले होते, चहाचा कप घेऊन. चहा संपवला. कप विसळून ठेवला.