मोकळ्या ड्रायव्हरची वाट पाहताना

रांजणगावच्या एका कारखान्यात संगणक सांभाळायची नोकरी लागली आणि मी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या मोकळ्या सिस्टिमच्या नादी लागलो. नादी लागलेला माणूस एकटा बसत नाही, चार जणांना लावतो. कँटीनमध्ये कुणी विंडोजची चोरीची सीडी खिशातून काढली की मी ताट बाजूला सारून भाषण ठोकायचो. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, दुरुस्त करता येतो, शेजाऱ्याला देता येतो, तेच खरं. ज्ञान कुलपात ठेवलं की काय होतं, हे आमच्या वस्तीत वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. मुद्दा बरोबरच होता, आजही मला तो बरोबर वाटतो. मुद्दा मांडणारा मात्र जरा जास्तच तापलेला होता.

त्या तापाची झळ लागली माझ्या थोरल्या बहिणीला. ताई आयटीआय झालेली ड्राफ्ट्समन. लग्न होऊन दौंडकडच्या राहू गावी गेली आणि तिचा ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर गेला. पुढं उसाच्या पट्ट्यात ज्याच्या त्याच्या डोक्यात बंगला शिरला. नुसत्या नकाशावर कुणाचं समाधान होईना. बांधायच्या आधी घर पडद्यावर चारी बाजूंनी फिरवून दाखवा, म्हणू लागले. ताई म्हणाली, "हे मला जमंल." मी माझं संगणकाचं मशीन तिला दिलं. त्यात लिनक्स घातलं, घरं रचायचं एक मोकळं सॉफ्टवेअर घातलं आणि एक अटही घातली: यात बंद कोडाचं काहीही टाकायचं नाही.

ताई ते सगळं भराभर शिकली. वस्तीतल्या नव्या विहाराचं चित्र तिनं हौसेनं करून दिलं. अडलं ते ग्राफिक्स कार्डापाशी. मशीन आणि पडद्यावर चित्र काढणारं कार्ड यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर होता, फुकट होता, उत्तम चालत होता. पण त्याचा कोड बंद, म्हणून माझ्या लेखी तो बाद. जगभरातली हौशी मंडळी मिळून लिहीत होती तो मोकळा ड्रायव्हर अजून अर्धाकच्चा होता. त्यावर ताईचं घर फिरायला लागलं की चिखलात रुतलेली बैलगाडी हलावी तसं हलायचं. मध्येच छप्पर नाहीसं व्हायचं.

"अगं, कंपनी आता कार्डाची माहिती खुली करणार आहे," मी सांगायचो. "चित्रं काढायच्या त्या सगळ्या यंत्रणेची नवी पिढी येतेय. आपल्या ड्रायव्हरमध्ये ती पुढच्याच आवृत्तीत येईल." मी काही खोटं बोलत नव्हतो. रोज रात्री त्या मंडळींच्या मेल वाचूनच बोलत होतो. तो ड्रायव्हर पुढं खरंच आला आणि चांगला आला, पण बऱ्याच वर्षांनी. ताईचं गिऱ्हाईक त्याच महिन्यात येणार होतं.

गिऱ्हाईक म्हणजे नदीपलीकडच्या मांडवगण फराट्याचे एक बागायतदार. साखर कारखाना-सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन, लहानथोर त्यांना आबा म्हणत. वस्तीबाहेरचं, तेही अशा घरचं, ताईचं हे पहिलंच काम. आबांना घर पसंत पडलं असतं तर नदीकाठची चार गावं तिच्या दाराशी आली असती. नाही पडलं तर, "बाईमाणसाला कुठं जमतंय" हे ऐकून घ्यायचं. आणि बाईमाणूस या शब्दाच्या मागं आणखी काय काय असतं तेही तिला ठाऊक होतं.

आबा यायच्या आधी मी नव्या आवृत्तीची सीडी घेऊन राहूला गेलो. येतोय म्हणून नेहमीसारखा आधी फोन केला होता. सगळी दुपार ड्रायव्हर कंपाइल करण्यात, म्हणजे कोडापासून चालता ड्रायव्हर घडवण्यात गेली. शेवटी ताईनं घर फिरवलं. पहिल्यापेक्षा उगीच गुंजभर बरं, इतकंच. ती पडद्याकडं बघत म्हणाली, "बरं चाललंय की रे आता."

 माझ्या हट्टापायी हिचं काम जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. 'टाक तो कंपनीचा ड्रायव्हर आणि मोकळी हो', एवढंच म्हणायचं होतं. जेवताना दोनदा ओठांवर आलं आणि दोन्हीदा मी आमटी मागितली. कँटीनमध्ये इतकी भाषणं ठोकलेला माणूस स्वतःच्या बहिणीच्या घरी कसा माघार घेणार? एसटीत बसल्यावर स्वतःला भरपूर शिव्या घातल्या. त्याचा ताईला काडीचा उपयोग नव्हता.

नंतर मी फोन करायचंच टाळू लागलो. आबा आले का, काय म्हणाले, हे विचारायला जीभ रेटेना. तिनंही आपणहून काही कळवलं नाही. काम गेलं, असं मी मनाशी धरून चाललो.

मग माझ्या कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरी साखरपुडा निघाला, मांडवगणलाच. जेवणं उरकल्यावर मांडवात एक पांढरा फेटा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. सोबत्यानं ओळख करून दिली, तेच आबा. 

"तुम्ही राहूच्या त्या ड्राइंगवाल्या ताईंचं बंधू न्हवं?" आबा म्हणाले. "काय घर फिरीवलं वो त्यांनी! भिंगरीवानी! आमची मंडळी तर म्हणली, आणिक एकदा फिरवा. आता आमच्या मेव्हण्याचंबी काम त्यांच्याकडंच दिलंय."

मी हसून हात जोडले. काम गेलं नव्हतं! छातीवरचा दगड उतरला. पण घटकाभरानं डोकं चालू झालं. भिंगरीवानी? माझ्या ड्रायव्हरवर? ते शक्यच नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, मला राग आला. बहिणीचं भलं झालेलं दिसत असताना मला तिनं मोडलेली अट आठवली.

मिळेल त्या जीपनं तसाच राहूला गेलो. या खेपेला फोन केला नाही. दार उघडंच होतं. दाजी पलंगावर पेपर वाचत होते, ताईची पाठ माझ्याकडं होती. पडद्यावर एक दुमजली घर सरसर फिरत होतं, जिना, गच्ची, कुंपणापर्यंत सगळं. इतकं देखणं की मी उंबऱ्यातच थांबलो.

ताईनं वळून पाहिलं.  काही कळायच्या आत तिनं हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. घर गेलं, पडदा काळा झाला.

"लाईट गेली बघ," ती म्हणाली.

डोक्यावर पंखा गरगरत होता. आम्ही तिघांनीही वर पंख्याकडं पाहिलं.

दाजींनी पेपर खाली ठेवला. स्वभावानं गरीब माणूस, पण त्या दिवशी बोलले. "पाव्हणं, आता झाकून काय उपेग? तुमच्या मागच्या खेपेच्या आधीच दौंडचा कॉम्प्युटरवाला पोरगा आला हुता, त्यानं कंपनीचा ड्रायव्हर टाकून दिला. तुमचाबी ठिवलाय. मशीन चालू करताना कुठला घ्यायचा ते इचारतंय. तुमचा फोन आला की ही तुमचा लावून ठिवती. माळकरी पाव्हणा यायचा म्हणल्यावर मटणाचं पातेलं मागं सारत्यात ना, तसं चाललंय आमचं." मग जरा हसून म्हणाले, "तुमच्या वडलांनी उभ्या जन्मात कुणाचं सोवळं मानलं न्हाई, आन् आमच्या घरात तुमचं पाळावं लागतंय."

त्यांनी थट्टेच्या सुरात म्हटलं, म्हणून जास्त लागलं. म्हणजे गेल्या खेपेला मी दुपारभर मान मोडून ड्रायव्हर बसवला, तेव्हा चांगला चालणारा ड्रायव्हर त्याच मशीनमध्ये होता. ताई शेजारी बसून रुतलेलं घर माझ्यासाठी मुद्दाम फिरवून दाखवत होती. कामाच्या घाईत तिची ती सबंध दुपार मी खाल्ली होती.

"ताई, अगं मला सांगायचं की."

"कसं सांगू? तू एवढ्या लांबनं यायचास, एवढा जीव लावून बसायचास. तुझं मन मोडवंना." ती खुर्चीवर अवघडून बसली होती. आईला न विचारता जत्रेला गेलेल्या पोरीसारखी बोटं चोळत होती. ही माझी थोरली बहीण. पेन्सिल आडवी धरून रेघ कशी ओढायची, ते मला हिनंच शिकवलेलं.

"ते आत्ताचं घर साठवलं होतंस ना?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "न्हाई रे. सकाळधरनं करत हुते. असू दे, परत करीन." मग खाली बघत म्हणाली, "तुझी अट मोडली मी. चुकलं माझं."

'चुकलं माझं' हे वाक्य खरं तर माझं होतं. मी ते तिच्या हातून काढून घ्यायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"असू दे," मी म्हणालो. माफ केल्यासारखं.

आणि ताई हसली, मोकळी झाल्यासारखी, आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.