बलं का

पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या हळदीचा वास आला की मला तासगावच्या स्टँडमागचं पत्रिका छापायचं दुकान आठवतं. मी तिथे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचे. एका दुपारी, बाहेरून बेदाण्याचे ट्रॅक्टर घरघरत जात असताना, कुंडलचे एक आजोबा धाकट्या लेकाच्या लग्नाची पत्रिका तपासायला आले. शेवटच्या ओळीत त्यांच्या नातीचं आमंत्रण होतं, ‘माझ्या काकाच्या लग्नाला यायचं बलं का!’ पण स्क्रीनवर ‘बरं का’ दिसत होतं. मी पुन्हा ‘बलं’ लिहिलं, स्पेस दिली, आणि त्या शहाण्या कॉम्प्युटरनं परत त्याचं ‘बरं’ केलं. वैतागून मी म्हणाले, “आजोबा, असू द्या ना, शुद्धच आहे.” त्यांनी चष्मा काढला. “पोरी, हिचा बा फौजेत हाय. रजा न्हाई मिळाली. तिथं फोनबी धड लागत न्हाई. त्येला तिचा आवाज धाडायचाय, आन् ती ‘बलं’च म्हणती.” मग मी सेटिंग उघडलं आणि शोधत शोधत शब्द आपोआप सुधारायच्या सोयीपुढची टिक काढून टाकली. ‘बलं’ जागेवर राहिलं. आजोबांनी त्यावर बोट ठेवलं आणि नातीसारखंच लाडानं म्हणून दाखवलं. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरही ती सोय मी बंदच ठेवते. परवा माझी लेक पहिल्यांदा स्वच्छ ‘बरं’ म्हणाली. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, हिच्यातली ती सोय कुणी चालू केली?