कंसातला घोडा

किस्से साचताना कळत नाहीत. कागदी ठशांवर धूळ बसते, तसे हळूच बसतात. २००५ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात आम्ही तिघे होतो: प्रोफेसर, ग्रंथपाल ॲनेके आणि मी. तुर्कस्तानातल्या वान सरोवराकाठच्या उरार्तू राजांनी पावणेतीन हजार वर्षांपूर्वी दगडांवर कोरलेले लेख वाचणे, हे आमचे काम. दगड तिकडेच; आमच्याकडे ओला कागद दाबून घेतलेले त्यांचे ठसे. कालव्यावर धुके असले, की ते पांढरे कागदही धुक्यातूनच उतरल्यासारखे वाटत.

दगडावर जे डोळ्यांना दिसत नाही, ते चौकटी कंसात घालायचे, हा नियम. मी तो इतका लावून धरला, की शेवटी तो निरोपांच्या फळ्यावर गेला. ॲनेके लिही: 'प्रोफेसर [डेंटिस्टकडे].' तिथे त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेले नसे!

*

पुष्कळ लेखांच्या शेवटी शाप असतो: जो हे नष्ट करील, देव त्याचा नाश करोत. ॲनेकेने तो स्ट्रोपवाफल बिस्किटांच्या डब्यावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी खाली प्रोफेसरांचे अक्षर: 'चार बिस्किटे नष्ट. कारण: ऊनपाऊस.'

*

'येथे पूर्वी काहीच बांधलेले नव्हते,' ही त्या राजांची ठरलेली बढाई. ती खोटी ठरवण्यासाठीच माझा प्रबंध होता. त्याच वर्षी नवऱ्याने आणि मी आल्मेरे या नव्या शहरात घर घेतले. वास्तुशांतीला प्रोफेसर आले, पाटावर अवघडून बसले आणि म्हणाले, "माधवी, इथे मात्र राजा खरे बोलला असता! चाळीस वर्षांपूर्वी इथे समुद्र होता."

माझा नवरा मकरंद खूश. "सर, मग हिला प्रबंध मागे घ्यायला सांगा!"

*

एका दगडावर एवढेच कोरले आहे: राजाच्या अर्सिबिनी नावाच्या घोड्याने इथून बावीस हात उडी घेतली.

"मोजले कुणी?" मी विचारले.

प्रोफेसरांनी ठशावर बोट ठेवले. "मोजायचे भान कुणाला राहिले, याचेच मला नवल वाटते. मला तर तो अजून खाली उतरलेला दिसत नाही."

मला तो दिसतच नव्हता. मी माझ्या वहीत घोडा कंसात टाकला.

*

त्या हिवाळ्यात प्रोफेसरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आठवडे गेले, डॉक्टर खात्रीने काही सांगेनात. ॲनेकेने फळ्यावर लिहिले: 'प्रोफेसर [परत येतील].'

मी डस्टर उचलला आणि दोन्ही कंस पुसले.

ॲनेके म्हणाली, "माधवी, तू? पुरावा काय?"

"बावीस हात," मी म्हणाले.