अमॉसची कबर

हिल्डा ग्रिमशॉ आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आली ती भांडायच्या तयारीनेच. इंग्लंडातल्या, लँकशरमधल्या आमच्या गावात तिला न ओळखणारं कोणी नाही. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिने अख्ख्या गावाच्या ताटात उकडलेला कोबी वाढला. ताटात टाकलेलं तिला खपत नसे. मीही तिच्या धाकाने तो गिळलेला आहे.

"जुनी दफ्तरं तूच बघतेस ना पोरी? मला एक माणूस शोधून दे."

"कोण, हिल्डाबाई?"

"अमॉस फेअरक्लफ. माझ्या पणजोबाचा बाप. शिपाई होता. गरोदर बायकोला धक्क्यावर टाकून हिंदुस्थानात गेला, पुन्हा एक ओळ नाही की निरोप नाही. तिकडे दुसरी करून सुखात मेला असणार. त्याची कबर कुठंय ते सांग. डॉक्टरने मला ईस्टरपर्यंतची मुदत दिलीय. त्याआधी तिच्यावर थुंकून यायचंय."

"हिंदुस्थानात जाऊन?"

"मग काय, इथं शेजारी ब्लॅकपूलला असेल?"

त्यांच्या घरात अमॉस हे माणसाचं नाव राहिलंच नव्हतं, ती शिवी होती. टाकलेल्या बायकोने, केझायाने, अनाथाश्रमाहून वाईट अशा गरीबखान्यात चाळीस वर्षं काढली आणि ती शिवी मुलाला दिली. ती पिढ्यान् पिढ्या खाली उतरली. हिल्डाने ती आपल्या मुलाला दिली. गिरणी बंद पडली तेव्हा नेव्हिल तेवीस वर्षांचा होता. कॅनडात काम मिळालं म्हणून बॅग घेऊन दारात उभा राहिला, तर ही म्हणाली, "जा, अमॉस." पुढे सहा वर्षं दर नाताळला त्याचं पत्र आलं. हिने एकही फोडलं नाही. पाकिटावर 'परत पाठवा' असं लिहून टपालपेटीत टाकायची. सातव्या वर्षी पत्र आलं नाही. पोस्टमनमुळे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण तिला बोलायची कोणाची छाती नव्हती.

फेब्रुवारीत लंडनहून पलटणीच्या हजेरीपटाच्या नकला आल्या. मी तिला बोलावून घेतलं आणि चहा पुढे ठेवला.

"त्याने तिला टाकलं नव्हतं, हिल्डाबाई. पलटणीबरोबर मोजक्याच बायकांना नेत. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी टोपीत चिठ्ठ्या टाकायचे आणि बायकांनीच त्या उचलायच्या. केझायाच्या चिठ्ठीवर 'जायचं नाही' निघालं. गरीबखान्याच्या वहीत तिने स्वतः तसं सांगितलंय."

"असेल. पण नंतर लिहायला काय झालं होतं त्याला?"

मी हजेरीपटावर बोट ठेवलं. जहाज सुटल्यापासून एकोणिसाव्या दिवशी ताप येऊन मेला. प्रेत समुद्रात सोडलं.

"मग तिला कोणी कळवलं कसं नाही?"

"भरती होताना नातलग म्हणून त्याने आईचं नाव दिलं होतं. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं. कागद आईच्या गावी गेला असेल, पण ती केव्हाच वारली होती."

हिल्डाने चष्मा काढला. "वय काय होतं?"

"तेवीस."

चहा गार झाला.

"म्हणजे थुंकायलाही कबर नाही," ती म्हणाली. "एकोणीस दिवस. आणि आम्ही पावणेदोनशे वर्षं त्या पोराला शिव्या घालतोय." मग म्हणाली, "कागद दे मला."

तिथेच बसून तिने नेव्हिलला चार पानी पत्र लिहिलं. पत्ता तिला पाठ होता. पाकिटाच्या मागे स्वतःचं नाव घातलं आणि पत्ता मात्र वाचनालयाचा दिला, कारण पुढच्या आठवड्यात ती इस्पितळात जाणार होती. मी रोज दुपारी भेटायला जायचे. ती एवढंच विचारायची, "आलं का काही?"

ईस्टरच्या आदल्या मंगळवारी पत्र परत आलं. फोडलेलं नव्हतं. पाकिटावर मोठ्या अक्षरात आडवं लिहिलं होतं, 'परत पाठवा'.

मला त्याचा राग आला आणि तिचाही आला. वाटेत ठरवलं, काही आलं नाही असंच सांगायचं. मरणाऱ्या बाईला आणखी काय दाखवायचं? पण काही आलं नाही म्हटलं, की नेव्हिल पुन्हा अमॉस होणार आणि ही केझायासारखीच निरोपाची वाट बघत मरणार. मी पाकीट तिच्या हातात ठेवलं.

तिने ते खिडकीच्या उजेडात धरलं. अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "बघ, पेन किती दाबून लिहितो. अगदी माझ्यासारखं."